करवंदी हाक

भोर, ता. ९ एप्रिल १९३४

ती. दादास,
सौदामिनीचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. मार्गासनीच्या शाळेत मास्तरकी करून तुम्ही रोज भाकऱ्या करपवता, हे ऐकून आई हसून हसून दमली.

लग्न महिन्यावर आलं. काल आंबवड्याहून होणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला, सुनेचं नाव जानकी ठेवायचं ठरलंय. देवीचं नाव, वाईट कसं म्हणू? पण दादा, मला नावं ऐकू येतात तशी दिसतातही. तुमचं गंगाधर ताकाच्या निवळीसारखं निळसर. माझं सौदामिनी पिकल्या करवंदाचं, गारगार. आणि जानकी म्हटलं की ओली राख दिसते, जिभेवर पाटीवरच्या पेन्सिलीची चव येते. जन्मभर हाक आली की राखच! मला रडू येतं हो.

आई म्हणते, अवाक्षर काढू नकोस, बाहेरची बाधा समजून सोयरीक मोडतील. तुम्हीच काहीतरी करा.

धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
सौदामिनी


मार्गासनी, ता. १७ एप्रिल १९३४

चि. सौदामिनीस अ. उ. आ.

भाकऱ्या करपतात त्या चुलीच्या दोषाने, माझ्या नव्हे. आईला ठणकावून सांग.

तुझं पत्र वाचून आज हजेरी घेताना एकेक नाव सावकाश उच्चारून पाहिलं. मला काही दिसलं नाही. जरा वाईटच वाटलं. दूध घालणाऱ्या फुलाबाईंना तुझं गाऱ्हाणं सांगितलं, तर म्हणाल्या की पोरीला न्हाई आवडत तर न्हाई ठिवायचं, त्यात काय मोठं! इतकं सोपं असतं तर!

रविवारी आंबवड्याला जातो आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला, उपेंद्ररावांना, एकटं गाठून सगळं सांगतो. भीती वाटत असेल तर उलट टपाली कळव. सोयरीक मोडली तर आईचा मार मी खाईन.

तुझा निळसर दादा,
गंगाधर


आंबवडे, ता. २८ मे १९३४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुम्ही सांगूनही इकडून तांदळात अंगठीने जानकीच लिहिणं झालं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, काय करणार? लिहिताना अंगठी मध्येच थबकली, एवढं मात्र मी पाहिलं. सनई, हळद, अत्तर, सगळ्यावर राख पसरली. त्या दिवसापासून हाक आली की मी खाली बघून ओ देत होते.

परवा दुपारी सासूबाई नि मी तांदूळ निवडत होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या एकाएकी म्हणाल्या, उपेंद्रने तुझं ते रंगांचं सांगितलंय मला. माझ्या हातातलं सूपच निसटलं. आता माहेरी धाडतात, असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, अंबू कसल्या रंगाचं असतं गं?

मी डोळे मिटले. ओलं हळकुंड मोडल्यावर आत दिसतं तसं, असं सांगितलं. वासही आला, तोही सांगितला. मग कळलं, ते त्यांचं माहेरचं नाव. लहानपणीच लग्नात पुसलं गेलं, आणि त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही.

मग म्हणाल्या की एकदा मार हाक. सासूला नावाने! मी दाराकडे एकदा बघून घेतलं नि मारली. आणि दादा, त्यांनी ओ दिली, अगदी परकरी पोरीच्या आवाजात.

आज सकाळी मी चुलीपाशी होते. ओसरीवरून त्यांची हाक आली, सौदामिनी अशी. धूर, भिंती, हंड्यातलं पाणी, सगळं करवंदी झालं. मी मान वर करून ओ दिली.

येताना भाकऱ्या नकोत, नुसती माया आणा.
तुमची, दोन्ही घरची,
सौदामिनी