सहा खुर्च्या आणि घरगुती पॉलिश

रविवार, १२ एप्रिल. दुपारच्या नमाजानंतर.
शुक्रवारी आमच्या नजवाला बघायला मुलाकडचे येणार. पसंत पडली तर लगेच फातिहा वाचून नातं पक्कं. मुलाचे वडील उस्ता अवद, चाळीस वर्षं पॉलिशचं काम केलेले. आमचं दुम्यात म्हणजे फर्निचरचं शहर; व्याही शोधायला जा, सुतार नाहीतर पॉलिशवालाच सापडतो. आणि आमच्या बैठकीच्या सहाही खुर्च्या पांढऱ्या पडलेल्या. पोरीला नकार आला तर खुर्च्यांपायी येईल. खालच्या मजल्यावरचा पॉलिशवाला उस्ता रिज्क चार दिवस मागतो, वर अवाच्या सवा मजुरी. संकल्प: स्वतः करायचं. मॅट्रिक झालेय, डब्यावरच्या सूचना वाचता येतात. बुधवारी काम संपेल, इन्शाल्ला.

सोमवार, १३.
सोमवारचा रोजा. उपाशीपोटी हात चांगला चालतो. पॉलिश पेपर मारला. जुना थर पार गेला. पाठीवरची कोरीव द्राक्षंही गेली, आता वाटाणे दिसतात. नजवाचं तोंड उतरलं. तिला समजावलं की साधेपणा अल्लाला प्रिय आहे.

मंगळवार, १४.
चपडा लाख आणली. डब्यावर म्हटलंय, स्पिरिटमध्ये विरघळवा. स्पिरिट म्हणजे दारूचीच बहीण. ह्यांनी विचारलं, खुर्ची पिणार आहे का? मशिदीतल्या शेखना फोन केला. म्हणाले, लाकडाला लावायला हरकत नाही. पण शेख तरुण आहेत. शंका असेल तिथे आपण दोन पावलं मागे राहावं. शिवाय स्पिरिट महाग. चपडा व्हिनेगरमध्ये उकळत ठेवला. वास जिन्यात गेला, तसा रिज्क वर येऊन पातेल्यात डोकावला.
"हाज्जा, खुर्च्यांचं लोणचं घालताय?"
मत्सर. दुसरं काय.

बुधवार, १५.
चपडा विरघळला नाही, पातेल्याला बसला. पातेलं हिशेबात 'स्वयंपाकघर' या खाती टाकलं. तेलानेही लाकूड चमकतं, हे कुणालाही कळतं. वांगी तळून उरलेलं तेल बरणीत होतंच. दोनदा गाळलं. रंगासाठी कडक चहा. काय झळाळी! रिज्कला मुद्दाम बोलावलं नाही.

गुरुवार, १६. सकाळी.
सुकलं नाही. खुर्च्या गच्चीवर नेल्या. ऊन चांगलं आहे.

दुपारी चार.
खमसीनचा वारा सुटला. नेमका आजच. सहाही खुर्च्यांवर वाळू बसली. हात फिरवला तर परत पॉलिश पेपर. नजवा रडायलाच लागली. मुलगा तिला फार आवडलाय. आजवर बोलली नव्हती. म्हणाली, "आई, तुझे हात जोडते, रिज्ककाकांना बोलाव." एका दिवसात तो काय दिवे लावणार! संकल्प: पांढऱ्या चादरी. घरोघरी घालतातच.

शुक्रवार, १७. मगरिबच्या नमाजानंतर.
आले. उस्ता अवद बसले. उठले तेव्हा चादर त्यांच्या झग्याबरोबर उठली. त्यांनी खुर्चीवर नख ओढलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "ताई, यात काय घातलंत?" खोटं बोलणं पाप, म्हणून खरं सांगितलं. मग विचारलं, काय तळलं होतं? म्हटलं, वांगी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दोनदा रुमाल काढावा लागला. कष्टांची कदर असलेला माणूस. नजवा दाराआड उभी होती.

फातिहा वाचली. अलहमदुलिल्ला.

मग मुलीच्या नावावर राहणाऱ्या सामानाची यादी करायला बसलो. पलंग, कपाट, जेवणाचं टेबल, खुर्च्या. उस्ता अवदनी शेवटी एक ओळ वाढवायला लावली: 'यातल्या कुठल्याही लाकडी वस्तूला मुलीच्या आईने पॉलिश करू नये.' मला दगदग नको म्हणून. ह्यांनी साक्षीदार म्हणून एवढ्या घाईने सही केली की शाई पसरली कागदावर. मी यादीची घडी घालणार, तेवढ्यात नजवा दाराआडून बाहेर आली.

"काका, दारं राहिली. दारंही लिहा."

लिहिली.