समोरच्यांचं रिकामं बाक

तीर्थस्वरूप भावोजींना, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता, वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची चौकशी आधीच करून घेतो, नंतर राहून जाईल. ताईने लिहिलं होतं की तुम्ही जिना उतरताना कठडा धरता आणि कोणी पाहतंय असं वाटलं की सोडता. असं करू नका, खुशाल धरा. ताईला सांगा की तिची गोळी जेवणानंतर घ्यायची आहे, जेवणाऐवजी नव्हे. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे. ही तशी ठीकच असते. अधूनमधून डोकं धरून बसते, पण त्यात नवीन काही नाही.

पत्र जरा लांबणार आहे, तेव्हा टेकून बसा. तुम्ही विमा कचेरीत नोंदणीच्या टेबलावर बसता, त्यामुळे ही नवी सुधारणा मी तुम्हाला समजावून सांगणं म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवण्यासारखं आहे. पण तुमच्याकडे ती कागदावर उतरली आणि इथे आमच्या डोक्यावर पडली, एवढा फरक आहे. आतापर्यंत सरकारी विमा डॉक्टरला खेपेमागे पैसे द्यायचा. पेशंट आला, मी तपासला, कागदावर सही केली, की तुमच्या कचेरीने त्या खेपेचे पैसे पाठवायचे. मग कोणीतरी समिती बसली आणि तिला शोध लागला की त्यामुळे डॉक्टर उगाच पेशंटला पुन्हा पुन्हा बोलावतात. (हे अगदीच खोटं नाही. एका कानातला मळ मी तीन हप्त्यांत काढलेला आहे.) म्हणून आता पैसे डोईमागे. प्रत्येकाने फॉर्मवर एका डॉक्टरचं नाव लिहायचं, आणि त्या डॉक्टरला त्या डोईचे वर्षाचे ठरावीक पैसे मिळणार, मग ती डोई रोज येवो की वर्षभर न येवो. म्हणजे डॉक्टर माणसांना मुळात आजारीच पडू देणार नाहीत, अशी कल्पना. कल्पना चांगली आहे. पण ज्याने काढली त्याच्या दवाखान्यात बाक नसणार.

आता बाकाचं सांगतो, कारण सगळी पोटदुखी तिथेच आहे. माझ्या दवाखान्यात दोन बाकं आहेत आणि बावीस वर्षं ती भरलेली आहेत. समोरच्या डॉक्टरांनी (आम्ही त्यांना समोरचेच म्हणतो, नाव घेतलं की माझी जीभ कडू होते) मी सुरुवात केली त्याच वर्षी, बरोबर माझ्या दारासमोर दवाखाना काढला. त्यांच्याकडे एकच बाक, आणि तेही रिकामं. ते बिचारे आत बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि पान उलटताना वरच्या कडेवरून माझ्या बाकांकडे बघायचे. मी थंडीतसुद्धा दार सताड उघडं ठेवायचो, हे तुम्हाला म्हणून सांगतो. आणि आता काय झालं? माझ्या बाकांवरचे सगळे दमेकरी, गुडघेकरी आणि गॅसवाले निष्ठेने माझंच नाव लिहून मोकळे झाले. जी धडधाकट मंडळी कधीच कोणाकडे जात नाहीत, त्यांनी, कोणाचं तरी नाव लिहायचंच तर ज्याच्याकडे गर्दी नाही त्याचं लिहू, म्हणून समोरच्यांचं लिहिलं. म्हणजे मी सकाळपासून घसे बघत बसायचं, आणि तो वर्तमानपत्र वाचणार, आणि पैसे दोघांना सारखेच! (रागाच्या भरात एकेरीवर आलो. ताईला वाचून दाखवताना दुरुस्त करा.) आयुष्यभर ज्या रिकाम्या बाकाची कीव केली, त्याच बाकावर आता माझा जीव जळतो. दार हल्ली मी लोटूनच ठेवतो.

यावर मी एक युक्ती काढली. माझे आजारी लोक समोरच्यांच्या गळ्यात घालायचे. त्यासाठी समोरच्यांची स्तुती करणं भाग होतं. भावोजी, सोपं नाही ते. पहिल्या दोन वेळा ठसका लागला. तिसऱ्या वेळी, बाकावर रोज येणारे निवृत्त ड्रायव्हर आहेत, त्यांना मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो की गुडघ्यांसाठी समोरच्यांचा हात फार चांगला, शिवाय ते ऐकून घेतात, माझ्यासारखी घाई करत नाहीत. मला वाटलं, निघाले. तर ड्रायव्हरांचे डोळे भरून आले. दुसऱ्या डॉक्टरला चांगलं म्हणणारा डॉक्टर आपण जन्मात पाहिला नाही, अशा माणसाला सोडणार कसं, असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी आपल्या दोन भावांनाही घेऊन आले. एकाला दमा आहे आणि दुसऱ्याला उरलेलं सगळं. तेवढ्यात शाळेचे व्यायामशिक्षक, जे फक्त एका दाखल्यावर सही घ्यायला आले होते, मी केलेली स्तुती ऐकून तडक समोर गेले आणि फुटबॉलचा अख्खा संघ आईबापांसह समोरच्यांच्या यादीत घालून आले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मग ठरवलं की निदान आपले लोक तरी धडधाकट करू. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा रक्तदाब नेहमी चढलेला. त्यांना मी भर बाजारात गाठून पिशवीतली लोणच्याची बरणी काढून घेतली. त्या म्हणाल्या की बारा वर्षं तुम्ही गोळ्या देताय, मी खाते काय हे आजच विचारलंत. ड्रायव्हरांना रोज सकाळी पुलापर्यंत चालायला लावलं, पण ते एकटे चालत नाहीत, बसतात. म्हणून मलाही चालावं लागतं. त्यांचा गुडघा आता बराच मोकळा झाला आहे, त्यामुळे ते दवाखान्यात दिवसातून दोनदा येऊ शकतात. समोरचे हे सगळं वर्तमानपत्रावरून बघतात आणि मान हलवतात. कौतुकाने की कशाने, ते मिशीमुळे कळत नाही.

आता एक किरकोळ गोष्ट. हिचा फॉर्म महिनाभर घड्याळाखालच्या फळीवर पडून होता. नाव, वय, पत्ता सगळं भरलेलं, फक्त डॉक्टरचं नाव कोरं. मी काही विचारलं नाही. मी कशाला विचारू? दवाखान्याच्या मागच्याच दोन खोल्यांत आम्ही राहतो, डॉक्टर शोधायला तिला दहा पावलं पुष्कळ आहेत. पाणी प्यायला उठलो की सहज नजर टाकायचो, इतकंच. (हल्ली तहान फार लागते.) परवा सकाळी फळीवर फॉर्म नव्हता. ती फॉर्म पेटीत टाकायला गेली होती. पेटी कोपऱ्यावर आहे, पाच मिनिटांची वाट. ती तासाभराने आली, आणि गुणगुणत आली. मी म्हटलं, टाकलास का? म्हणाली, टाकला. म्हटलं, वेळ लागला. म्हणाली, हो, लागला. यापुढे आमचं बोलणं झालेलं नाही. काल मी ड्रायव्हरांच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ठोके मोजले, तेव्हा लक्षात आलं की ते माझेच आहेत.

असो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक आणि कठड्याला हात, दोन्ही चालू ठेवा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. परवाची पेटी एव्हाना तुमच्या टेबलावर आली असेल. आलीच असेल तर हिचा फॉर्म काढून डॉक्टरच्या नावाची ओळ बघा. मत्सर वगैरे काही नाही, केवळ माहिती म्हणून. उत्तर उघड लिहू नका. माझं नाव असेल तर कार्डावर ‘पाऊस नाही’ असं लिहा आणि समोरच्यांचं असेल तर ‘पाऊस आहे’. पाऊस असलाच तर त्या ओळीवर चुकून शाई सांडू शकते, कचेरीत असं होतं, असं मी कुठेतरी ऐकलं आहे.

ता. क. दुसरा. भावोजी, नमस्कार. हे अक्षर माझं आहे. ह्यांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, पण पाकीट चिकटवायला विसरले. शाई सांडू नका. पाऊस आहे. मी समोरच्यांचं नाव लिहिलंय. भिंतीपलीकडून मी ह्यांना सांगताना ऐकलं की समोरचे फार चांगले, ऐकून घेतात. बाकावरच्या कोणाचा विश्वास बसला नाही, माझा बसला. माझं डोकं चार वर्षं दुखतंय. ह्यांना सांगितलं की हे केसपेपरवरून मान वर न करता म्हणतात, पाणी पी. समोरच्यांकडे बाक रिकामं होतं. त्यांनी पाऊण तास ऐकलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, दोन्ही दंडांवर रक्तदाब घेतला. बराच जास्त आहे. गुरुवारी पुन्हा बोलावलंय. ह्यांना अजून बोलले नाही. खेपेला पैसे होते तेव्हा माझी खेप कधी धरली नाही. आता डोईमागे मिळायला लागल्यावर माझी डोई आठवली. वन्संना नमस्कार सांगा.

ता. क. तिसरा, आणि हा माझा. पाकीट अजून फळीवरच दिसलं, पत्ता बरोबर आहे ना ते बघायला उघडलं आणि वरचं वाचलं. दोनदा वाचलं. मग यंत्र घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिचा दंड मागितला. आकडा समोरच्यांनी सांगितला तोच निघाला, एका रेघेचाही फरक नाही. मी स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, कुठे दुखतं? ती सांगत राहिली. बाहेर बाकं थांबली होती. थांबू देत, म्हटलं. भावोजी, चार वर्षं मी दोन भरल्या बाकांचा डॉक्टर होतो आणि हिचा कोणीच नव्हतो, याची मला फार लाज वाटली.

पत्र गुरुवारपर्यंत तसंच राहिलं, म्हणून पुढचंही लिहून टाकतो. दवाखाना बंद ठेवून मी हिच्याबरोबर समोर गेलो. डॉक्टरने स्वतःचं नाव स्वतःच्याच यादीत लिहायचं नाही असा तुमच्या कचेरीचा नियम आहे. त्यामुळे माझा फॉर्मही समोरच्यांच्या नावाने भरून सोबत जोडला आहे. कोपऱ्यावरची पेटी उचलून नेली आहे आणि मुदत सोमवारी संपते, तेव्हा तेवढा तुमच्या हाताने टेबलावर पोचवा. बाकीचं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल. आम्ही दोघं त्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो, तर थोड्या वेळाने मला शोधत ड्रायव्हर आले आणि तेही टेकले. मागून त्यांचे दोन भाऊ. मग शिवणकामाच्या बाई, त्यांना तर जागाच उरली नाही. समोरच्यांना उठून आपली खुर्ची बाहेर आणून द्यावी लागली. वर्तमानपत्र घडी करून त्यांनी खिडकीत ठेवलं, आणि निघेपर्यंत ते तिथेच होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.