आधीचा श्वास

८ जुलै
तालमीला गेले. ट्रॅम वेळेवर. दुपारी भोपळ्याचं सूप. माझ्या गाण्यात आत शिरायची जागा पुन्हा चुकले.
माझा नवरा लॉरी वारला, त्याला दीड महिना झाला.

९ जुलै
दिग्दर्शिका मोइराने बाजूला घेतलं. म्हणाली, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर गाणं टॅमसिनकडे देईन, नाच तुझ्याकडेच राहील. आवाज अगदी मऊ होता, म्हणून जास्त लागलं.
टॅमसिन म्हणजे मी आजारी पडले तर माझ्या जागी उभी राहणारी मुलगी. गाते छान.
गाणं गेलं की मी पुन्हा मागच्या रांगेत. एकेचाळिसाव्या वर्षी, या घोट्यावर — किती दिवस?

१० जुलै
आज वाद्यवृंदाचा संचालक स्टाव्ह्रोस सगळं थांबवून म्हणाला, "राजहंसबाई, माझा हात खाली आला की गायचं असतं. तुम्ही कुणाची वाट बघताय?" सगळे हसले. बॅलेतून आलेली, म्हणून मी राजहंस. मीही हसले.
ट्रॅममध्ये कळलं, कुणाची ते.
लॉरी आमच्या बॅलेच्या वर्गात पियानो वाजवायचा. पहिल्या सुराआधी नाकाने मोठा श्वास घ्यायचा, खोलीभर ऐकू जाईल असा. आम्ही सगळ्या त्यावरच निघायचो. पुढे घोटा गेला, बॅले सुटलं, मी संगीत नाटकात आले. गायलाही त्यानेच शिकवलं, जेवणाच्या टेबलाशेजारच्या पियानोवर. आधी त्याचा श्वास, मग मी. हाताकडे बघायला कधी शिकलेच नाही.
आणि आमचा स्वतःचा श्वास? तो ऐकू येता कामा नये! कितीही उंच उडी मारा, उतरताना तोंड मिटलेलं. लहानपणी बाई मागे येऊन उभ्या राहायच्या — वर्गात इंजिन कुणी आणलंय?
माझ्या वाटचा श्वास लॉरीच घ्यायचा.

११ जुलै
थंडी; इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा. अंडं आणि टोस्ट. पियानोवरची धूळ पुसली, झाकण उघडलं नाही.

१२ जुलै
मोइरा खुर्चीत. टॅमसिन पडद्याच्या कडेला, ओठ हलताहेत. स्टाव्ह्रोसने हात उचलला.
मी लॉरीसारखा श्वास घेतला. नाकाने, मोठा, लाज सोडून.
शिरले. बरोबर जागेवर.
स्टाव्ह्रोस एवढंच म्हणाला, "पुढे." नंतर टॅमसिनने माझा हात दाबला. तिचा हात गार होता. तिलाही ते गाणं हवं होतं.

१९ जुलै
पहिला प्रयोग. चुकले नाही. बरीच फुलं आली. कुणाला दाखवायची, म्हणून तिथेच ठेवून आले.

२० जुलै
दुपारचा खेळ संपल्यावर विरेमू माझा माइक काढायला आला. आवाजाचं सगळं तोच बघतो.
"ब्रॉनी, गाण्याआधी एक श्वास येतो गं. शेवटच्या रांगेपर्यंत जातो. काल वाटलं, तुझ्या मागे कुणी उभं आहे. उद्यापासून काढून टाकू?"
"राहू दे," म्हटलं.
घरी आले. नाचाचे मोजे कोमट पाण्यात भिजत घातले.