वरच्या खोलीतल्या डोंगरांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी नाटक कंपनीत पडदे रंगवीत असे, हल्ली घरी डोंगर रंगवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दडपणाखाली नाही, घरातल्यांच्या तर मुळीच नाही, मी हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

कलम १. राहते घर माझ्या व माझ्या कै. यजमानांच्या कष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते मुलाला मिळावे. वरची खोली मात्र आतल्या छोट्या रेल्वेसकट सुनेची. मुलाने तोंड वाकडे करू नये. बायकोच्या खोलीत त्याला कोणी मज्जाव करणार नाही.

कलम २. रेल्वे म्हणजे काय ते लिहून ठेवलेले बरे. यजमान वायरमन होते. रूळ, इंजिने, डबे, सिग्नल हे त्यांचे काम; डोंगर, नदी, गाव, झाडे आणि मागच्या भिंतीवरचे आभाळ माझे. येणारे जाणारे म्हणत, "तुमच्या ह्यांची रेल्वे काय झकास आहे हो," आणि मी चहा पुढे करीत असे. गाडी बघून माणूस चार फेऱ्यांत कंटाळतो आणि मग डोंगरच बघत बसतो, हे यजमान स्वतः कबूल करीत. पाहुणे गेल्यावर.

कलम ३. इंजिने व डबे धाकट्या दिरांना द्यावेत. रंगाच्या डब्यांना त्यांनी हात लावू नये. आम्ही परगावी गेलो असताना, धूळ पुसायला सोपे जावे म्हणून या गृहस्थांनी माझ्या सगळ्या डोंगरांना चकचकीत व्हार्निश मारले. येऊन बघते तो डोंगर तेल चोपडलेल्या टकलासारखे चमकताहेत. "वहिनी, आता खुशाल ओल्या फडक्याने पुसा," असे वर हौसेने म्हणाले. तो सबंध हिवाळा मी काचकागदाने एकेक कडा घासत बसले. माणूस मनाने चांगला आहे, म्हणून इंजिने देते आहे.

कलम ४. ब्रश, सुऱ्या, चाळण्या, रंग हे सर्व सुनेचे. डब्यातला हिरवा तसाच लावू नये, त्यात थोडी माती कालवावी. इतके हिरवे गवत देवानेही केलेले नाही. लांबचा डोंगर फिका व निळसर ठेवावा. नदीचे व्हार्निश पातळ थरांनी ओतावे. एक थर वाळण्याआधी दुसरा ओतला की पाणी दुधासारखे होते. झाडांबद्दल काही सांगत नाही, कारण झाडे तिला माझ्यापेक्षा चांगली जमतात. हे तिला तोंडावर म्हणायला मला जमले नाही, म्हणून इथे म्हणते.

कलम ५. टेबल यजमानांनी वरच्या खोलीतच ठोकले. "दार मोजलंत का?" असे मी विचारले होते. "कुठे न्यायचंय आपल्याला?" असे ते म्हणाले. ते पटून मीही बोगद्याचा डोंगर प्लास्टरने थेट भिंतीलाच जोडून टाकला. आता डॉक्टरांनी मला जिना बंद केला आहे. मुलगा म्हणाला, "आई, सुतार टेबलाचे चार तुकडे करून देतो. खाली आणून जोडू, तू बसल्या जागी रंगव."

"आणि आभाळ कसं आणणार?" मी म्हटले.

तो म्हणाला, "मग तू दिवसभर खाली करणार काय?" त्याचे डोळे भरले होते. करवत तो माझ्यावरच्या मायेनेच आणत होता, हे मला कळते, आणि म्हणूनच नाही म्हणायला जड गेले. तरी नाहीच. यजमानांची आठवण मला त्या खोलीत सोसते. खाली सोसत नाही.

कलम ६. मी जिवंत असेतो टेबलाला करवत लागता कामा नये. माझ्यामागे सुनेला कापावेसे वाटले तर तिने जरूर कापावे, तो तिचा हक्क. कुंपणाच्या ओळीतून कापावे, म्हणजे सांधा झुडपांत लपतो. पुलावरून कापू नये.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते, असे साक्षीला बोलावलेल्या औषधवाल्यांचे म्हणणे. हे कलम आजपासून लागू आहे. माझी कॉट वर न्यावी. तिचे पाय सुटतात आणि ती दारातून जाते, सुनेने मोजून पाहिले आहे. मुलाने व दिरांनी मला खुर्चीत बसवून एकदाच वर उचलून न्यावे. डॉक्टरांची मनाई चढण्याला आहे, उचलण्याला नाही. त्यानंतर मी खाली येणार नाही. तुम्ही आणाल तेव्हा मला विचारावे लागणार नाही.

वाचून, समजून सही केली.

लिहून ठेवणार : डोंगरवाली (सही)

साक्षीदार : १. डॉक्टर (जिन्याबद्दलचे मत कायम ठेवून सही)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

दिनांक : सोळा नोव्हेंबर
स्थळ : खालची खोली, तूर्त