आईने सांगितलेली कुंदा

प्रिय ताई,

मेल उघडून एवढं लांबलचक पत्र बघितलंस की तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हे सांगते की आई बरी आहे. जेवली, गोळ्या घेतल्या, आता खिडकीशी बसून मेट्रो बघतेय. तू म्हणशील, फोन करायचा की. पण फोन वाजला की तो तिच्या हातात जातो आणि मेसेज पाठवला की तू लगेच फोन करतेस. एका खोलीच्या घरात मी तुझ्याशी तिच्याबद्दल काय बोलणार? तिला ऐकू कमी येतं असं तुला वाटतं, पण स्वतःबद्दलचं तिला सगळं ऐकू येतं. तेव्हा कृपा कर, अर्ध्यावर वाचून फोन लावू नकोस.

माझं काम काय हे मागे तू विचारलं होतंस, तेव्हा भावोजी मागून म्हणाले होते की घरबसल्या सिनेमे बघायचा पगार, मजा आहे बुवा. मजा ऐक. लोक एआयला सिनेमांच्या गोष्टी विचारतात. शेवटी काय होतं, खून कोण करतं, धाकटा भाऊ घर का सोडतो. यंत्र झटक्यात उत्तर देतं. मी तो सिनेमा लावते, पळवत बघते आणि उत्तरातल्या एकेका वाक्यावर शेरा मारते. बरोबर, चूक, किंवा सिनेमात असं काही नाही. हा तिसरा शेराच सगळ्यात जास्त लागतो, कारण यंत्राला माहीत नसलं तरी गप्प बसता येत नाही. गेल्या आठवड्यात एक जुना सिनेमा आला होता. त्यात मुलगा परदेशी जातो तो परत येतच नाही, म्हातारी वाट बघत बसते आणि सिनेमा संपतो. यंत्राने त्या मुलाला विमानाने आणलं, आईच्या पाया पडायला लावलं आणि वर शेजाऱ्यांना पेढे वाटले. इतकं गोड लिहिलं होतं की खोडायला जीव होईना. पण खोडलं. खोडण्याचाच पगार घेते मी.

ते वाचताना मला आपली लालबागची गॅलरी आठवली. आई मॅटिनी बघून यायची आणि संध्याकाळी तांदूळ निवडायला बसलेल्या बायकांना अख्खा सिनेमा सांगायची, गाण्यांसकट. कुणाला नवरा थेटरात सोडायचा नाही, कुणाच्या पदरात तान्हं मूल, त्यांचा सिनेमा तो तेवढाच. आणि बायकांना रडका शेवट चालायचा नाही म्हणून आई तो बिनदिक्कत बदलायची. मेलेला नवरा जिवंत व्हायचा, सासूला उपरती व्हायची. पुढे टीव्हीवर तो सिनेमा लागला की तू आणि मी चिडायचो, हा शेवट यांनी का बदलला म्हणून. आईचाच खरा वाटायचा आपल्याला.

आता ती तशीच सांगते, फक्त सिनेमा नव्हे, दिवस सांगते. तुला फोनवर सांगितलं ना, जुहूला गेलो, भेळ खाल्ली, श्रुतीने मला नवी चप्पल घेतली? ताई, गणपतीपासून ती घराबाहेर पडलेली नाही. तेव्हा ती एकटी बाहेर पडली आणि साकीनाक्याच्या रिक्षावाल्यांना लालबागचा पत्ता विचारत उभी होती, त्या दिवसापासून मी दाराला आतून कुलूप लावते. शेजारची राधाकाकू तिच्यापाशी बसायला येते तेवढ्यात मी भाजी आणते, तेही धावत. भेळ नाही, चप्पल नाही, जुहू तर नाहीच. आणि मी शेजारी उभी राहून ऐकते, कारण डॉक्टरांनी बजावलंय की तिला खोडायचं नाही. खोडलं की ती बावरते, रडते, मग दोन दिवस जेवत नाही. मी एकदा करून बघितलंय. दिवसभर मी यंत्राला सांगते की असं काही घडलेलं नाही, आणि लॅपटॉप मिटला की आईला म्हणते, हो गं आई, भेळ छान होती. कधीकधी शेरा मारायला हात उठतो आणि मला क्षणभर कळतच नाही की मी कुणाचं तपासतेय.

ऑफिसचंही तुला अर्धंच ठाऊक आहे. आमच्या टीमचा प्रमुख अनिरुद्ध सांगतो, नव्या वर्षापासून घरून काम बंद. प्रदर्शित व्हायच्या आधीचे सिनेमे येणार आहेत, ते ऑफिसच्या बाहेर न्यायचे नाहीत. अंधेरीला यायचं, नाहीतर दुसरी नोकरी बघायची. तो वाईट नाही, पण त्याच्या हातात काही नाही. मी होकार देऊन टाकला, तुझ्या भरवशावर. तू डिसेंबरात येऊन तीन महिने राहणार, तोवर दोघी मिळून आईसाठी चांगली बाई शोधू, ती आईला सरावेल, मग तू सुखाने मस्कतला जा, असं मी मनात पक्कं केलं होतं. असल्फ्याहून मेट्रोने अंधेरी म्हणजे हाकेच्या अंतरावर. ती मेट्रो दिवसभर खिडकीतून दिसते आणि मला तिचा राग येतो. माणसं दाराशी उभी असतात, कानात काहीबाही घातलेली, कंटाळलेली. मला त्यांच्या कंटाळ्याचाही हेवा वाटतो. हसू नकोस.

आता रविवारचं. फोन आईकडे होता, स्पीकरवर, मी तिच्या मागे पाण्याचा पेला घेऊन उभी होते. तू विचारलंस, श्रुती दमत नाही ना. आई म्हणाली, आता कसली दमते, दिवसरात्रीची बाई ठेवलीय. कुंदा नाव. कुडाळकडची आहे, स्वभावाने गरीब, हाताला चव आहे, काल तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. श्रुती सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाते, संध्याकाळी हसत येते. ताई, काय सुरेख सांगितलं तिने. कुंदाच्या नाकातली चमकीसुद्धा सांगितली. तू मोठा श्वास सोडलास तो मला ऐकू आला. मग तू म्हणालीस की बरं झालं बाई, मुकुलची दहावी आहे, त्याला सोडून यायचं माझ्या जिवावर आलं होतं, आजच तिकीट रद्द करते, उन्हाळ्यात बघू. मी पेला धरून उभी. बोलायला तोंड उघडलं तर आई माझ्याकडे बघून इतकं गोड हसत होती की मला खोडता आलं नाही. तू फोन ठेवलास.

कुंदा कोण, आठवलं? लालबागला शेजारची, जिला नवऱ्याने कधी थेटरात जाऊ दिलं नाही, ती कुंदामावशी. तुझ्या लग्नाच्या वर्षी वारली.

नंतर आईला चहा दिला आणि हळूच विचारलं, आई, कुंदा कुठाय गं? मला वाटलं, म्हणेल मोरीत आहे, खाली गेलीय. पण तिने पेला खाली ठेवला आणि अगदी पूर्वीच्या नजरेने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “तिका कित्याक तरास? तू आसस मां.” तिला, म्हणजे तुला, कशाला त्रास, मी आहे ना. म्हणजे आईला ठाऊक होतं, ताई. निदान तेवढा वेळ तरी ठाऊक होतं की कुंदा नाही, तू येणार होतीस आणि तुला अडवायचं होतं. तुझ्या मुलाच्या दहावीचीही तिला काळजी. मी आहेच. माझा हात उठला. कधी उठला ते मला कळलं नाही, पण तो तिच्या गालाच्या वर होता आणि तिने मान खाली घालून डोळे घट्ट मिटले होते. मी मारलं नाही. हात तसाच खाली घेतला. थोड्या वेळाने ती विसरली, बिस्किट मागितलं, मी दिलं. ती विसरली म्हणून हे तुला तिच्याकडून कधीच कळणार नाही, आणि या घरात सांगणारी तिसरी कुणी नाही. माझी नोकरी गेली तरी चालेल, मुकुलला रागावू दे, भावोजींना काय सांगायचं ते तू सांग. मला माझी भीती वाटायला लागलीय. तिकीट पुन्हा काढ आणि लवकर ये.

तुझीच,
श्रुतिका