फोटोतल्या माणसांची नावं

सोमवार, ५ नोव्हेंबर १९७९
रुजू झालो! भंडाऱ्याहून एस.टी.ने धूळ खात आलो, पण स्टेशनामागची खोली पाहून जीव खूश झाला. काम तर त्याहून मजेचं. जुन्या रेल्वे कंपनीची पोस्टरं, प्रवास-पुस्तिका, मासिकाचे अंक, सगळं इथल्या गोदामात पडलंय, त्याची यादी करायची. जिकडेतिकडे वाघ आणि टोपीवाले साहेब! शिपाई तुलाराम म्हातारा आहे, चहा फक्कड करतो. शुक्रवारी नागपूरहून बायको, चंद्रकला, आमच्या बेबीला घेऊन येईल. तोवर हातानेच भात शिजवायचा.

मंगळवार, ६
नोंदवहीत ‘छायाचित्रातील व्यक्तीचे नाव’ असा रकाना आहे. कंपनीने नावं छापली ती फक्त साहेबांची. रकाना कोरा राहिला की तपासणीत शेरा बसतो, हे बारा वर्षांच्या नोकरीत शिकलोय. म्हणून दिली नावं ठोकून. एका पुस्तिकेत आमच्याच फलाटाचा फोटो आहे. झेंडा धरलेला माणूस झाला तुलाराम. डब्यातून उतरणारी बाई आणि कडेवरची मुलगी, त्यांना घरचीच नावं दिली, चंद्रकला आणि बेबी. तुलारामला वाचून दाखवलं तर त्याच्या हातातला चहा अंगावर सांडला. म्हणाला, “बाबूजी, रकाना खालीच राहू द्याले पायजे होता. पयलेच्या बाबूनंबी नावं लिवली होती.” तो बाबू कुठे गेला, हे सांगेना. मला हसू आलं.

बुधवार, ७
तुलाराम आला नाही. त्याची बायको ललिताबाई म्हणाली, सकाळी अंगणात बसले होते, मग दिसलेच नाहीत. दुपारी पुस्तिका उघडली. झेंडेवाल्याचा चेहरा तुलारामचा आहे. सदऱ्यावर चहाचा डाग.

गुरुवार, ८
तिन्ही नावं खोडली, सही केली, तारीख घातली. तुलाराम फोटोतच. त्या बाईचं कपाळ आता चंद्रकलेसारखं दिसतंय. फार भीती वाटते. तार केली, येऊ नकोस.

शुक्रवार, ९
तार पोचण्याआधीच दोघी निघाल्या होत्या. पॅसेंजर आली. थांबली. कुणी उतरलं नाही. गार्डाने सीटवरची टोपली आणून दिली, बेबीची रिबीन—

दुपारी
फोटोत आहेत. बेबी रडतेय, आवाज नाही. चंद्रकला गर्दीत शोधतेय— मलाच.
फलाटावर एक पाठमोरा माणूस आहे. चेहरा नाही म्हणून त्याचा रकाना मी सोडला होता. कोरा आहे अजून—
लिहिलं.
मागून येणाऱ्या बाबूला हात जोडून विनंती, हे नाव खोडू नका. बेबीने आत्ता माझ्याकडे पाहि