लोण्या, जरा थांब

२० डिसेंबर १९९४

अप्पांनी आज कहर केला! केबलवर नव्या सिनेमातलं गाणं लागलं होतं. नायिका पळतेय आणि नायक मागून ओरडतोय — "कण्णे, कोंजम निल्लु!" म्हणजे लाडके, जरा थांब. अप्पा मान डोलावत म्हणाले, "काय छान लिहिलंय! वेण्णै, कोंजम निल्लु." लोण्या, जरा थांब!

धाकटी हरिणी हसून हसून जमिनीवर लोळली. अम्मा म्हणाली, "या मनुष्याला खाण्याशिवाय कांही ऐकू येना!" खरंच आहे. गेल्या आठवड्यात एका हिंदी गाण्यातली "दिल की राह" यांनी "तेल की राई" केली. परवा "चांदनी रात" लागली, तर हे म्हणाले, "चटणी-भात? गाण्यात?"

सगळ्यांत मोठ्यानं मी हसते. मुद्दाम हसते. घर हसत असलं की कुणी विचारत नाही, टीव्ही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो तरी या माणसाला शब्द का कळत नाहीत. त्रिचीला कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. उजवा कान गेलाच, डावा निम्मा, असं ते म्हणाले. कानातलं यंत्र भजनात शिट्टी मारतं म्हणून अप्पांनी ते कपाटात टाकलं. "हे आपल्या दोघांत, विशाला," म्हणाले. अम्मालाही सांगितलेलं नाही. घरात मराठी सगळे बोलतात, पण वाचतात तमिळच; ही देवनागरी लिपी फक्त मला वाचता येते, म्हणून इथे लिहितेय.

२४ डिसेंबर

मार्गळी महिन्याचं भजन. पहाटेची थंडी, मठातली फरशी बर्फासारखी. अप्पा पुढं बसून अभंगाची ओळ म्हणतात, मंडळी ती उचलतात. मला कळायला लागल्यापासून ही जागा अप्पांची. मी सूर धरायची श्रुतिपेटी घेऊन त्यांच्या मागे.

मंडळींची ओळ केव्हा संपली, हे अप्पांना आता कळत नाही. संपली की मी त्यांच्या पाठीवर दोन बोटं टेकवते. मग ते पुढची ओळ घेतात. कुणाला पत्ता नाही! आज मृदंगवाले सेतुमाधवकाका म्हणाले, "गोपाळण्णा एक मात्रा इकडची तिकडे होऊ देणार नाहीत." मी मान खाली घालून पेटीचा भाता दाबत राहिले.

हे कळलं तर ती जागा जाईल. आणि ती गेली तर अप्पांजवळ काय उरतं? ऑफिसातून पेन्शन आणि घरी चटणी-भात!

२९ डिसेंबर

माझ्या ऑफिसात साहेबांनी पुन्हा विचारलं. बढती आहे, मद्रासला. "घरी अडचण आहे, सार," म्हटलं. ते म्हणाले, "तुमची अडचण कधी संपणार, विशालाक्षी?"

२ जानेवारी १९९५

आमच्या केबलवाल्यानं पोंगलला गावातल्या पोरांचा कार्यक्रम ठेवलाय. हरिणीची निवड झाली. काय करणार? "गंमत आहे, अक्का. बघशील." कॉलेजात नकला करून डोकं फिरलंय तिचं.

८ जानेवारी

हरिणीनं आज विहिरीपाशी गाठलं. कपडे पिळता पिळता म्हणाली, "अक्का, मद्रासला नको कां म्हणालीस? ऑफिसातली अलमेलु सांगत होती." मी टाळलं. ती पिच्छा सोडेना. शेवटी सांगून टाकलं — डॉक्टर, यंत्र, दोन बोटं, सगळं. रडली. माझा हात धरून शपथ घेतली, कुणाला नाही सांगणार.

हलकं वाटलं. खरंच सांगते, वर्षभरात पहिल्यांदा!

१५ जानेवारी

केसानं गळा कापला. माझ्या सख्ख्या बहिणीनं.

संध्याकाळी शेजारपाजार आमच्याकडे टीव्हीसमोर जमला होता. सेतुमाधवकाका आणि शेषम्मामामी पुढच्या चटईवर. अप्पा इस्त्रीचं वेष्टी नेसून खुर्चीत, जसं काही त्यांचंच लग्न! कार्यक्रम आधीच टेप केलेला. हरिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

पडद्यावरची हरिणी म्हणाली, आता आमच्या अप्पांची गाणी. लोणी झालं. तेल-राई झाली. अप्पांचं मान तिरकी करणं, डोळे मिटणं, सगळं हुबेहूब. लोक पोट धरून हसत होते. मीही हसले. हो, हसले.

मग तिनं माईक दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, स्पष्ट तमिळमध्ये सांगितलं — आमच्या अप्पांना ऐकू येत नाही. ते भजन म्हणतात ते अक्काच्या बोटांवर.

शेषम्मामामी माझ्या बोटांकडे बघत होत्या. मी हात पदराखाली घेतले! अम्मा उठून आत गेली. एकटे अप्पा पडद्याकडे बघून हसत होते. मग मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे. बिचाऱ्याला कळलंही नसेल, आपली अब्रू कशी निघाली ते.

१६ जानेवारी

बोलणार नाही. जन्मात नाही.

१८ जानेवारी

सेतुमाधवकाका आले. सोबत उसाची मोळी. लोक वाईट बातमी आणताना कांही तरी गोड घेऊन येतात. "गोपाळण्णांनी आता विश्रांती घ्यावी. एकादशीला मंडळीतला राजगोपाल पुढं बसेल," म्हणाले. शब्द किती मऊ! अप्पांनी त्यांच्या ओठांकडे बघून मान हलवली आणि मला म्हणाले, "काकांना कॉफी आण."

कॉफी आणली. साखर घातली नाही.

२१ जानेवारी

हरिणी माझ्या ताटात वाढायला आली. मी ताट उचलून घेतलं. "अक्का, ऐकून तरी घे." "शपथ घेतली होतीस ना? कुणाच्या हातावर?" तर म्हणते, "अप्पांना विचार!" बघा निर्लज्जपणा! ज्यांचं गावात हसं केलं, त्यांनाच विचारू? काय विचारू? तुमची लेक तुम्हाला कुठे विकून आली?

माझंच चुकलं. पोटातलं ओठांवर आणलं.

२७ जानेवारी

एकादशीचं भजन. राजगोपाल पुढं. त्याच्या मागे श्रुतिपेटी, पेटीमागे मी. बोटांना काम नाही. मांडीवर आपोआप टेकत होती.

अप्पा शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मंडळींची ओळ संपली तरी त्यांची चालूच! एकदा सगळे थांबले आणि अप्पांचा एकट्याचा आवाज मठात फिरला. मी डोळे मिटले. लोक हसले. डोळे उघडून बघते तर अप्पाही हसताहेत, आणि शेजारचा माणूस त्यांच्या मांडीवर ताल देऊन दाखवतोय. कुणी त्यांना उठवलं नाही.

मग मला इतका राग कां आलाय?

२९ जानेवारी

विचारलं शेवटी. ओट्यावर त्यांच्या तोंडासमोर बसून, ओठ दिसतील असं.

"मीच सांगितलं हरिणीला, सगळ्यांसमोर बोल म्हणून," अप्पा म्हणाले. "मद्रासचं तिनं मला सांगितलं. तुला जा म्हटलं असतं तर गेली असतीस? तू हात काढीनास, म्हणून मी पाठ काढली."

दोघांनी मिळून ठरवलं. माझं. मला न विचारता! मग विचारलं — आणि लोणी? चटणी-भात?

"ते कोण ऐकलंय! मला कांहीच येना ऐकू, वर्ष झालं. पडद्यावरच्या ओठांवरून अंदाज घ्यायचा, त्यात कांही तरी खाण्याचं घालायचं, की तुम्ही हसता. ते दिसतं ना."

सगळ्यांत मोठ्यानं मी हसत होते. तेही त्यांना दिसत होतं.